दंडाची भाजी

ट्रकच्या हौद्यात वांगी लावलेली तुम्ही पाहिली आहेत? नसतील. मी पाहिली आहेत, खाल्ली आहेत, आणि एकदा त्यांच्याखाली जवळजवळ गाडलाही गेलो आहे. थोडं वाढवून सांगतोय असं वाटलं तर वाटू दे. त्या बाईबद्दल कमी करून सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही, असा माझा अनुभव आहे.

मी पेडण्याचा. डिचोलीत काजूच्या कारखान्यात हिशेबनीस म्हणून लागलो आणि खोली शोधत फिरत होतो. एका अंगणात दोन ट्रक उभे दिसले. खनिजाचे, मागचा हौदा वर उचलणारे. एकाच्या हौद्यात वांगी, दुसऱ्याच्या हौद्यात भेंडी. भेंडीही साधी नव्हे, आमची सात शिरांची, हातभर लांब. हातभर म्हणजे माझ्या हातभर. तुम्ही आखूड हाताचे असाल तर दीड हात धरा.

भेंड्यांमधून एका बाईचं डोकं वर आलं. डोक्याला पंचा, तोंडात सुपारी.

"काय रे, खोली व्हयी तुका?"

"हो. भाडं किती?"

"भाड्याचा मगे. कुदळ धरूक येता?"

मी हो म्हणालो. ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात महागात पडलेलं हो. त्यानंतर डिचोलीत असेपर्यंत माझा एकही रविवार अंथरुणात उजाडला नाही.

वाडा, म्हणजे आमच्याकडची वस्ती, तिला आकय म्हणायचा. आकय म्हणजे थोरली बहीण. ती कुणाची थोरली बहीण होती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण नव्वदीतले म्हातारेसुद्धा तिला आकय म्हणत. मूलबाळ नव्हतं. नवरा दोन ट्रक आणि एक रेडिओ मागे ठेवून गेलेला. आवाज असा, की डिचोलीत तिने कुणाला हाक मारली तर वास्कोच्या बंदरातली जहाजं भोंगा वाजवून ओ देत. मला ती 'पेडण्या' म्हणे. माझं खरं नाव तिने विचारलंच नाही. भाडेकरूची नावं लक्षात ठेवली तर भाडं विसरायला होतं, असा काहीतरी तिचा हिशेब होता, आणि भाडं तर तिच्या कधीच लक्षात राहत नसे. मला यातलं काही समजलं नाही. तिच्याबद्दल लिहिताना हे वाक्य पुन्हा पुन्हा येईल, आधीच सांगून ठेवतो.

ट्रकांचं असं झालं. खाणी बंद पडल्या, मग सुरू झाल्या, मग परत बंद पडल्या. कोर्टात कोण काय म्हणालं हे वाड्यावर कुणाला नीट कळलं नाही, ट्रकांना तर अजिबातच नाही. ते अंगणात उभेच राहिले. भंगारवाला आला तोवर आकयने हौद्यांत माती भरून रोपं लावली होती. भंगारवाल्याने ट्रकांभोवती एक चक्कर मारली आणि किंमत सांगितली.

"मेल्या," ती म्हणाली, "पीक उभा आसताना कोण शेत विकता?"

भंगारवाला जाताना वांगी घेऊन गेला.

हौद्यात लावायचं कारण म्हणजे अंगण. कैक वर्षं खनिजाची लाल धूळ तिथे सांडून सांडून भट्टीतल्या विटेसारखं झालं होतं. त्याला कुदळ मारली की ठिणगी उडे. (एकदा मी त्या ठिणगीवर विडी पेटवली. खोटं वाटत असेल तर विडी दाखवतो.) पण आकयने दर पावसाळ्यात थोडंथोडं अंगण फोडलं, शेण घातलं, पालापाचोळा कुजवला, आणि पुढे तिथे तांबडी भाजी, वाल, दुधी, कोहाळे, अळू, कोनफळ असं सगळं रान माजलं. हे काम तिने एकटीने केलं असं मात्र नव्हे. रस्त्याने जाणाऱ्या कुणाच्याही हातात ती बाल्दी द्यायची. माणूस बँकेत निघालेला असे, दवाखान्यात निघालेला असे, एक तर स्वतःच्या साखरपुड्याला निघाला होता. "दोन बाल्ल्ये ओत आणि जा," एवढंच ती म्हणे. अख्ख्या वाड्याने त्या बागेला पाणी घातलं आणि कुणालाही आपण बाग चालवतोय हे कळलं नाही.

पिकलेलं सगळं वाटायचं, विकायचं नाही, हा तिचा नियम. कुणाला वाटायचं? ज्याला गरज आहे त्याला. गरज कुणाला आहे? इथे ती चिडायची.

"ता मी ठरवतलंय? मी काय मामलेदार?"

पणजीहून एकदा एका मंडळाचे लोक आले. तिचं कौतुक करायला. त्यांना एक फोटो हवा होता: आकय एका गरीब माणसाला भोपळा देते आहे, असा. आकयने त्यांना रांगेत उभं केलं, एकेकाला खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि त्यांच्यातल्या सगळ्यात लठ्ठ गृहस्थाच्या हातात भोपळा ठेवला. "काढ फोटो. ह्येका दम लागता, ह्येका गरज आसा." तो गृहस्थ भोपळा घेऊन खरोखरच गेला. पुढे सुकला म्हणतात.

पण खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती मला बऱ्याच महिन्यांनी समजली. ही सगळी बाग एका माणसासाठी होती, आणि तोच माणूस तिथलं पानही घेत नव्हता.

तो तिच्या ट्रकवरचा ड्रायव्हर. मूळचा दोडामार्गाकडचा, तरुणपणी खाणीवर आला तो डिचोलीतच राहिला. आकयचा नवरा गेला तेव्हा ट्रक चालते ठेवले ते त्यानेच. खाणी बंद झाल्या आणि तो घरी बसला. देवळामागच्या भाड्याच्या दोन खोल्यांत बायको, दोन मुली आणि तो. मिळेल तेव्हा पोफळीवर चढायचा, मिळेल तेव्हा विहिरी उपसायचा, बहुतेक दिवशी काहीच मिळायचं नाही. आकयने एकदा त्याच्याकडे तांदूळ पाठवले. तांदूळ घेऊन तो स्वतः परत आला.

"आकय, माझे हात आसत. हात आसापर्यंत घेवचंय नाय."

"अरे, मी काय भीक घालतंय?"

"तुका नाय वाटत. माका वाटता."

आणि पोतं ठेवून, जाता जाता दोन बाल्द्या पाणीही ओतून गेला. अशा माणसाचं काय करायचं?

आकयने आधी कुंपणाच्या भिंतीवर भाजीचा ढीग मांडला आणि वर पाटी लावली: 'फुकट'. तीन गल्ल्यांतल्या लोकांनी ती पाटी वाचली आणि मान दुसरीकडे वळवून गेले. आमच्याकडे चारचौघांच्या देखत फुकट घेणं म्हणजे चारचौघांच्या देखत धोतर सुटणं. "आमका भिकारी समजली काय ती?" असं देवळात बोलणं झालं. शेवटी भाजी बकऱ्यांनी खाल्ली. त्यांनी पाटीही खाल्ली.

मग तो वांग्यांचा प्रकार झाला. हौद्यात पावसाचं पाणी तुंबलं की आकय ट्रक सुरू करून हौदा मागे किंचित उचलायची. पाणी निथळून जाई. त्या दिवशी मी खाली मोरी साफ करत होतो आणि तिने तो खटका ओढला. ओढला तो अडकला. हौदा वर, वर, वर गेला आणि सगळा वांग्यांचा मळा, मातीसकट, फाटकातून सरळ रस्त्यावर आला. मी कमरेपर्यंत. वाळपईला जाणारी बस करकचून थांबली. बसचा ड्रायव्हर शिव्या देत उतरला, कंडक्टर उतरला, मग सगळी बस उतरली, आणि कुणी काही बोलायच्या आत माणसं वाकून वाकून वांगी वेचायला लागली. पदरात, टोपीत, छत्रीत. एका बाईने माझ्या मांडीखालचं वांगं मला बाजूला सरकवून काढलं. कुणी लाजलं नाही, कुणी आजूबाजूला पाहिलं नाही. बस गेली तेव्हा रस्त्यावर मी आणि माती, एवढंच उरलं होतं.

आकय ट्रकच्या पायरीवर बसून हे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की मी घाबरलो.

"बघलंस पेडण्या? पडलेला घेतल्यानी. दिलेला घेवक नसते."

हाच तो विचार, ज्याने पुढे सगळा वाडा हादरवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पोदेर सायकलचा भोंगा वाजवत आला. पोदेर म्हणजे पाववाला. आमच्याकडे लोक अंथरुणात असतात तेव्हाच तो दारादारांत पाव आणि उंडे ठेवून जातो. आकयने त्याला जनेलातून, म्हणजे खिडकीतून, पाहिलं आणि तिचा बेत ठरला. भाजी अशीच ठेवायची. सगळ्या वाड्यावर, घरटी एक गाठोडं, म्हणजे एकट्या ड्रायव्हरला ठेवलं असं होणार नाही. दार उघडलं की समोर भाजी. कुणी ठेवली? ठाऊक नाही. ठाऊक नसलेल्याला परत कसं करणार?

बेत उत्तम होता. मीही होय म्हणालो. आता मागे वळून पाहिलं की वाटतं, आम्ही दोघं जन्मापासून गोव्यात राहिलेली माणसं, आमच्यापैकी एकाच्या तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

कारण त्या आठवड्यात बाग आडमुठेपणा करत होती. भेंडी सरलेली, वांगी रस्त्यावर गेलेली. देण्यासारखे होते फक्त छोटे कोहाळे, लिंबं, सुकायला घातलेल्या लाल मिरच्या आणि परसातले नारळ. बांधायला कापड हवं होतं. खाणीवर सुरुंगाच्या वेळी लावायला आणि ट्रकच्या मागे बांधायला लाल बावटे लागत, त्यासाठी नवऱ्याने आणलेला लाल कापडाचा तागा माळ्यावर पडून होता. आम्ही तो फाडला. कोहाळे अंगणातल्या लाल धुळीत लोळलेले, ते पुसायचे राहिले. आणि आकयच्या भिंतीवरचं कॅलेंडर गेल्या साली संपलेलं असल्यामुळे, उद्या अमावास्या आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

तर मंडळी, अमावास्येच्या पहाटे डिचोलीतल्या त्या वाड्यावर प्रत्येक उंबऱ्यापाशी एकेक लाल गाठोडं, आत कुंकू माखल्यासारखा कोहाळा, लिंबं, लाल मिरच्या आणि नारळ.

पोदेराने पहिलं गाठोडं पाहिलं आणि भोंगा वाजवायचा थांबला. दुसरं पाहिलं आणि सायकलवरून उतरला. तिसरं पाहिल्यावर त्याने सगळे पाव रस्त्यावरूनच घरांच्या दिशेने भिरकावले आणि तो जो सुटला, तो म्हणे म्हापशाला जाऊन थांबला. मग पहिलं दार उघडलं. पहिली किंकाळी. मग दारामागून दार. माझ्या उभ्या जन्मात मी एवढी शिस्तबद्ध बोंब ऐकली नाही.

करणी! कुणीतरी अख्ख्या वाड्यावर करणी केली!

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर गाठोड्यांचे फोटो फिरायला लागले. आपापल्या दारातल्या गाठोड्याभोवती लोक काठ्या घेऊन उभे. शेजारणी एकमेकींकडे डोळे बारीक करून बघायला लागल्या. ज्यांची गेली दहा वर्षं बोलाचाल नव्हती त्यांनी आज मुद्दाम बोलून ती पुन्हा बंद केली. दुपारपर्यंत प्रत्येक घराला, हे नक्की कुणी केलं ते ठाऊक झालं होतं, आणि प्रत्येक घराला वेगळं नाव ठाऊक झालं होतं. मी कारखान्यातून आलो तेव्हा आमच्या दारासमोरही एक गाठोडं होतं. संशय नको म्हणून आकयने स्वतःच्या दारातही ठेवलं होतं. पण त्याच्याकडे पाहून मलाही क्षणभर भीती वाटली, आणि ते मीच बांधलेलं होतं.

संध्याकाळी ड्रायव्हर आला. मी अंगणातल्या पाण्याच्या पंपापाशी होतो. तो आत आला नाही, फाटकाला धरून उभा राहिला.

"आकय, आमी जातंव."

"खंय?"

"गावाक. दोडामार्गाक. बायल रडता, चेडवां भियेली आसत. कोणाक तरी आमी हंय नको आसंव. काम नाय, धंदो नाय, आता ह्यां. देवच सांगता, चल म्हणान."

"थंय काय करतलस?"

"काय तरी करीन."

"चेडवांची शाळा?"

थोरली त्या वर्षी बारावीला होती, आणि हुशार होती हे सगळ्या वाड्याला ठाऊक होतं. त्याने फाटकाची कडी उगाच दोनदा वर-खाली केली आणि गेला.

आकय तिथेच, ओल्या मातीत, बसली. त्या बाईला गप्प बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"पेडण्या, मी सांगलंय की ती भाजी होती, तुझ्यासाठी होती, तर तो आजच जातलो. शरमेन. नाय सांगलंय तर परवा जातलो. भियान."

"मी सांगतो. म्हणतो, मी ठेवली."

"तुझ्या बापाशीची बाग ती?"

ती उठली, हात धुतले, आणि नेहमीप्रमाणे रेडिओ लावून स्वयंपाकाला लागली. तिच्या मनात काय चाललंय ते मला कळेना. त्या रेडिओवर त्या दिवशी शेतीविषयक कार्यक्रमात कोहाळ्याची लागवड सांगत होते, एवढं आठवतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी देवळात गाऱ्हाणं ठरलं. सगळा वाडा जमला. बाहेर एका मागून आणलेल्या पिकअपमध्ये ड्रायव्हरचं सामान भरून तयार होतं: दोन पेट्या, एक कपाट, मुलींच्या सायकली. गाऱ्हाणं झालं की निघायचं, एवढंच राहिलं होतं.

गाऱ्हाणं माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गावकर, म्हणजे गावाचा मानकरी, देवासमोर उभा राहून गावाची तक्रार देवाला मोठ्याने सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी होकार द्यायचा. आमचा गावकर म्हणजे काटकुळा म्हातारा, पण गाऱ्हाण्याला उभा राहिला की देवळाची कौलं थरथरत.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्या कोणी ह्या वाड्यार वायट नदर केल्यान, दारादारांत लाल गाठोडी ठेवल्यान..."

"व्हय म्हाराजा!"

"तेची झोप उडव, तेचा अन्न गोड लागा नको, तेच्या हाडांक सुख मिळा नको..."

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज आकयचा. पदर कमरेला खोचून, मान वर करून. स्वतःच्या सर्वनाशाला इतकं खणखणीत अनुमोदन देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मीही देत होतो, कारण न द्यावं तर लोक बघणार. पण माझं 'व्हय' घशात अडकत होतं आणि 'म्हाराजा' तर फुटतच नव्हतं.

गावकराला चेव चढला.

"आणि तो गुन्हेगार जर हंय हजर आसात, तर तेका आत्ताच्या आत्ता तुझ्या पायांकडे उभो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आकय ओरडली, आणि चालत जाऊन देवासमोर उभी राहिली.

गावकराच्या तोंडचं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. त्याचं आयुष्य गाऱ्हाणी घालण्यात गेलं होतं, पण देव इतक्या तातडीने पावलेला त्याने कधी पाहिला नव्हता. तो देवाकडे बघे, आकयकडे बघे, परत देवाकडे बघे.

"आकय... तू थंय कित्याक उभी ऱ्हवलंस?"

"मीच केलंय. ती करणी माझी."

मी पुढे सरकलो. सांगणार होतो, की करणी कसली, भाजी होती ती. तेवढ्यात तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या पायांना मुळं फुटली. मग ती ड्रायव्हरकडे वळली.

"तुझ्यार केलंय. बाकीच्यांच्या दारात ठेवलंय ती नुसती दाखवूक. तुझ्या घरातसून सांजेक हसण्याचो आवाज येता. चेडवां हसतत, बायल हसता, तू हसतस. घरात काय नसताना हसतास. माझ्या घरात रेडिओ. माका सोसला नाय. म्हणान केलंय."

बायकांनी आपापल्या पोरांना मागे ओढलं.

मला वाटलं, ड्रायव्हर आता हिच्या अंगावर जाणार. तो गेला नाही. त्याच्या चेहऱ्यावर रागाआधी दुसरंच काहीतरी येऊन गेलं. त्याची मान, जी खाणी बंद झाल्यापासून किंचित खाली असायची, ती सावकाश वर आली. ज्या घरात कैक दिवस मासळी शिजली नव्हती, त्या घराचा दोन ट्रकांची मालकीण हेवा करते! तेही करणी करण्याइतका! मग राग आला.

"आकय! तुका लाज वाटूक नाय?"

"वाटता."

"माझ्या चेडवांवर?"

"व्हय."

"आणि माका घालवूक बघलंस?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"मगे मी कित्याक जाव?" तो ओरडला. देवळाबाहेरची कबुतरं उडाली. "गुन्हो तुझो आणि गाव मी सोडू? जावचंय नाय! हंयच ऱ्हवतलंय, तुझ्या नाकार टिच्चून! गावकरानु, हिका दंड घाला!"

गावकर अजून गोंधळलेला होता. कबूल झालेल्या माणसाला काय करायचं हे त्याच्या वाडवडिलांनी त्याला सांगितलंच नव्हतं. "कसलो दंड घालूया?" त्याने ड्रायव्हरलाच विचारलं.

ड्रायव्हरने क्षणभर विचार केला. "जां माझ्या दारात ठेवल्यान, ता दर आयतारी ठेवचा. चोरून नाय, दिसाउजेडाक, हंय देवळाच्या पायरेर. कोहाळो, मिरची, भाजी, जां काय तिच्या बागेत पिकता ता. आणि माझ्या हातात स्वतः देवचा."

"पण करणी केलेल्या हाताची भाजी..." कुणीतरी बायकांतून म्हणालं.

"देवाच्या पायांकडसून इलेल्या दंडाक करणी लागना नाय," गावकर म्हणाला. हे मात्र त्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेलं काहीतरी सापडल्याबद्दल त्याला फार बरं वाटलेलं दिसलं.

त्याबरोबर मागून आवाज आला, "आमच्याय दारात ठेवल्यान!" मग दुसरा, "आमच्याय! आमकाय दंड व्हयो!" सगळा वाडा ओरडला. ज्यांच्या दारात एकच होतं त्यांनी तर आपल्या दारात दोन होती असं शपथेवर सांगितलं. पलीकडच्या वाड्यावरचा एक गृहस्थ नुसता गंमत बघायला आला होता, त्यालाही दंड मिळाला.

पिकअपमधून सायकली उतरवल्या गेल्या.

त्या दिवसापासून दर रविवारी देवळाच्या पायरीवर आकय भाजी घेऊन बसायची आणि वाडा ताठ मानेने यायचा. कुणी आभार मानले नाहीत. उलट, "ह्यो दुधी निबर आसा", "गेल्या आयताराची भेंडी किडकी होती", "दंड म्हणान कायव खपवतस काय गो?" असं दोन-दोन शब्द सुनावून भाजी नेत. ज्या घरांना खरोखर गरज होती ती घरं सगळ्यांत जास्त ओरडत. आकयही कमी नव्हती. "घे रे मेल्या, घे, आणि दात पडा तुझे!" एवढं सुखी वाटप मी दुसरं पाहिलं नाही.

पण सगळंच सुख नव्हतं. बारशा-पूजेची बोलावणी बंद झाली. लग्नाची वरात तिच्या घरावरून न नेता लांबच्या रस्त्याने नेऊ लागले. एकदा आम्ही पाण्याचा पाइप ओढत होतो आणि शेजारची नवी सून बाळाला घेऊन समोरून आली. आकयला पाहताच तिने बाळाच्या तोंडावर पदर ओढला. आकयने पाइप खाली ठेवला, भेंडीच्या एका पानावरचा किडा उचलला, आणि तो किडा ती फार वेळ बघत राहिली.

आणि माझा गोंधळ इथेच आहे. ती देवळात खोटं बोलली, हे मला ठाऊक आहे, गाठोडी मीच बांधली होती. पण त्यातलं किती खोटं होतं? देवळामागच्या त्या दोन खोल्यांतून संध्याकाळी हसण्याचा आवाज खरोखर यायचा. आणि तो यायला लागला की आकय रेडिओचा आवाज वाढवायची, हेही मी ऐकलेलं होतं.

पुढे मी वास्कोला गेलो. मध्यंतरी डिचोलीत एका लग्नाला आलो, मुद्दाम रविवार गाठून आकयकडे गेलो. ट्रक तिथेच होते, हौद्यांतून आता पपया वर आल्या होत्या. आणि वांग्यांच्या ट्रकच्या पायरीवर, इस्त्रीचा शर्ट घालून, ड्रायव्हर चहा पीत बसला होता. आता तो एका शाळेची बस चालवतो. थोरली मुलगी बांबोळीला नर्सिंगला आहे, धाकटी कॉलेजात. घरी फ्रिज आहे, फ्रिजमध्ये बांगडे आहेत. तरी रविवार चुकत नाही. आकयला आता देवळापर्यंत जाववत नाही, म्हणून सकाळी इथेच येतो, प्रत्येक दोडका उलटासुलटा करून बघतो, खोड काढतो, दुपारपर्यंत भांडतो. मग दंडाची पिशवी घेऊन निघतो.

मी त्याच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथे बांधकामावरच्या परप्रांतीय मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत. त्याने पिशवी एका दारात ठेवली. आतली बाई लाजून नको नको म्हणायला लागली.

"घे गो," तो म्हणाला. "फुकटची नाय. दंडाची आसा."

मी मागे आलो. आकय पपईला टेकू लावत होती. थकलेली वाटली, आवाज आता फार तर म्हापशापर्यंत जात असेल. मला राहवलं नाही.

"आकय, एक विचारू? त्याला ठाऊक आहे ना? त्या दिवशीच ठाऊक होतं ना त्याला? नाहीतर असला दंड कोण मागतो?"

"माका काय म्हायत?"

"मग मी त्यालाच विचारतो."

तिने टेकूवरचा हात काढला आणि माझं मनगट धरलं. घट्ट.

"विचारू नको पेडण्या. तू विचारलंस तर तेका हसू येतला, माकाय येतला. आणि मगे आयतारी येवक तेका कारण उरना नाय."